कुटुंब अभ्यासाची स्वस्त पदवी आणि पोचपावतीचा शिक्का

दुसऱ्या वर्षाचा परीक्षा अर्ज भरताना पहिल्या वर्षाच्या दोन विषयांपुढे स्वाध्यायाचे गुणच नोंदलेले नाहीत असे दिसले, आणि बरेच दिवस लांबणीवर पडलेले हे लेखन आज हाती घेतले. विद्यापीठाचे किंवा अभ्यासकेंद्राचे नाव देत नाही. खानदेशात नोकरी आणि संसार सांभाळून दूरशिक्षण घेणाऱ्यांना हा प्रकार नवा नाही.

आधी पैशांचे. मानव विकास आणि कुटुंब अभ्यास हा विषय नियमित शिकायचा तर मुंबईच्या एसएनडीटी महिला विद्यापीठासारख्या ठिकाणी जावे लागते, आणि चोपड्याच्या माणसाला शुल्कापेक्षा वसतिगृह व खानावळच जड जाते. 2024-25 पासून शासनाने 8 लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्नाच्या पात्र कुटुंबांतील मुलींसाठी लागू केलेली शुल्कमाफी व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी असल्याने माझ्या कामाची नव्हती. त्यामानाने मुक्त विद्यापीठाचे शुल्क परवडले, आणि मार्च 2023 पासून एसटीत महिलांना अर्धे तिकीट असल्यामुळे जळगावच्या केंद्रावर जाणेही सोसले. मात्र माहितीपत्रकातले शुल्क म्हणजे सगळा खर्च नव्हे; परीक्षा शुल्क, प्रात्यक्षिकाच्या वह्या आणि झेरॉक्स यांचा हिशेब त्यात कोठेही नसतो. प्रवेशापूर्वी अभ्यासक्रमाला त्या सत्रासाठी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण विभागाची मान्यता आहे ना, एवढे अवश्य पाहावे.

आता स्वाध्याय. ते हातानेच लिहायचे, केंद्रावर जमा करायचे, आणि अंतिम निकालात त्यांचा वाटा जवळपास एक तृतीयांश. केंद्रावरचे कर्मचारी गठ्ठा घेऊन टेबलाखाली ठेवतात आणि पोचपावती मागितली की ‘मॅडम, एवढ्यांना कुठे देत बसू?’ असे विचारतात. मी प्रत्येक वेळी मुखपृष्ठाच्या झेरॉक्सवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय तेथून हलले नाही. गुण गायब झाल्यावर ‘नव्या प्रश्नसंचाचे स्वाध्याय पुन्हा लिहा’ असा सल्ला मिळाला, तेव्हा तेच शिक्के पुढे केले. गठ्ठा सापडला, गुण चढले. परंतु तोपर्यंत मुदत उलटल्याने भरावे लागलेले विलंब शुल्क परत देण्याची सोय नाही, असे सांगण्यात आले.

एवढ्या चिडीनंतरही अभ्यासक्रमाविषयीचे माझे मत वर्षभरात बदलले, याचे श्रेय प्रात्यक्षिकाला. सुरुवातीला कुटुंबाचा तीन पिढ्यांचा आलेख काढणे, म्हणजे पुरुषाला चौकोन, स्त्रीला वर्तुळ, बेबनावाला नागमोडी रेघ, हा मला पोरखेळ वाटे. मग ओळखीच्या एका घराचा आलेख काढायला बसले. सून ही नवऱ्याच्या मामाची मुलगी, म्हणजे सासू ही तिची सख्खी आत्या. नवराबायकोला जोडणारी रेघ नात्यातल्या लग्नासाठी दुहेरी करावी लागली, आणि सासूच्या वर्तुळापासून सुनेकडे एक रेघ माहेरची, एक सासरची निघाली. तिला सासूची तक्रार माहेरी का नेता येत नव्हती, हे त्या कागदावर लख्ख दिसले. असे नात्यातले लग्न उत्तरेत सहसा टाळतात, दक्षिणेत ते रूढ आहे; मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेच्या विभागणीत महाराष्ट्र उत्तर आणि दक्षिण यांच्या सीमेवरच्या मध्य विभागात का घातला, हेही तेव्हाच उमगले. आमच्या पाठ्यपुस्तकातले नमुना कुटुंब मात्र आईवडील आणि दोन मुले एवढ्यावरच आटोपते. पुस्तके उशिरा पोचली त्या काळात इग्नूच्या (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या) ई-ज्ञानकोश या संकेतस्थळावरचे पाठ्यसाहित्य फुकट वाचता आले, याचाही उल्लेख करायला हवा.

समुपदेशनाची नोकरी लगेच मिळेल या आशेने कोणी येत असेल, तर प्रत्येक पदाच्या जाहिरातीतली पात्रता आधी वाचावी. समाजकार्याची पदवी मागणाऱ्या जागा पुष्कळ असतात. मी मात्र दुसरे वर्ष पूर्ण करणार आहे. यंदाचे स्वाध्याय स्पीड पोस्टाने पाठवून पावती आणि पोच झाल्याची नोंद दोन्ही जपून ठेवेन, आणि त्या खर्चाला कुरकुरणार नाही; विलंब शुल्कापेक्षा तो कितीतरी कमी आहे.