८०० मीटरचा वायरलेस ब्रिज : नऊ महिने वापरल्यानंतरचा अनुभव

जागा सांगली-आष्टा रस्त्यालगतची. रस्त्यावर ऑफिस, आत शेतात ८०० मीटरवर हळदीचं गोदाम. ऑफिसात राउटर, बिलिंगचा सर्व्हर आणि पाच कॉम्प्युटर. गोदामात वजनकाट्याचा कॉम्प्युटर, प्रिंटर आणि चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. दोन्हीकडचं वायरिंग हवेतून, म्हणजे वायरलेस ब्रिजने, एका नेटवर्कमध्ये आणायला फेब्रुवारीत ५ गिगाहर्ट्झच्या, १३ डीबीआयच्या (हे अँटेनाच्या ताकदीचं माप) दोन सीपीई, म्हणजे अँटेनासकट बाहेर बसवायचे रेडिओ, बसवल्या. आता नोव्हेंबर आहे. जोडी दमदार आहे. तिच्या माथी मारले गेलेले बहुतेक बिघाड वायरीचे, सेटिंगचे किंवा उसाचे निघाले.

सगळ्यात फसवा घोळ मोडचा. एक रेडिओ ॲक्सेस पॉइंट (वाय-फाय देणारा) आणि दुसरा साधा क्लायंट (त्याला जोडला जाणारा) ठेवला की लिंक जुळते, सिग्नल छान दिसतो, पलीकडच्या रेडिओचं सेटिंगचं पानही उघडतं. पण काट्याच्या कॉम्प्युटरला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) मिळत नाही. साध्या वाय-फाय फ्रेममध्ये (माहितीच्या एका पाकिटात) तीनच मॅक पत्ते (यंत्राचे स्वतःचे क्रमांक) मावतात, त्यामुळे क्लायंटच्या मागे वायरीवर बसलेल्या यंत्राचा पत्ता हवेतून जातच नाही. काही रेडिओ त्याऐवजी स्वतःचा पत्ता लावून वेळ मारून नेतात. अशा वेळी ऑफिसात एआरपीची यादी (कोणत्या आयपीचा मॅक कोणता) काढली तर गोदामातल्या सगळ्या यंत्रांपुढे एकच मॅक दिसतो. दोन्ही टोकांना डब्ल्यूडीएस, म्हणजे चार पत्त्यांची फ्रेम, चालू केली की हे संपतं.

दुसरा घोळ आयपीचा. कारखान्यातून दोन्ही रेडिओ एकाच आयपीवर येतात. टेबलावरच एकाला १९२.१६८.१.२५१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२५२ द्यावा, मगच वर चढवावेत. गोदामात जुना राउटर स्विच म्हणून वापरायचा असेल तर त्याचं डीएचसीपी (आपोआप आयपी वाटायची सोय) बंद करा, त्याचा आयपी बदला आणि वायर वॅन (इंटरनेटच्या) नव्हे, लॅन पोर्टात खोचा. हे राहिलं तर कधी इंटरनेट चालतं, कधी नाही, आणि दोष ब्रिजला लागतो.

काही अडलं की ऑफिसातून क्रमाने पिंग करा, म्हणजे यंत्र उत्तर देतं का ते पाहा : आधी राउटर, मग जवळचा रेडिओ, मग पलीकडचा रेडिओ, शेवटी काट्याचा कॉम्प्युटर. जवळचाच रेडिओ बोलत नसेल तर पीओई अडॅप्टर (नेटवर्क केबलमधूनच वीज देणारा) किंवा केबल. पलीकडचा बोलत नसेल तर हवेतली लिंक किंवा तिकडची वीज. दोन्ही बोलतात आणि फक्त कॉम्प्युटर गप्प, तर डब्ल्यूडीएस, स्विच किंवा विंडोजचा फायरवॉल. फायरवॉल पिंग अडवतो तेव्हा बिलिंग नीट चालू असतं, हे ध्यानात ठेवा.

लाइट जाऊन आल्यावर काट्याचा कॉम्प्युटर १६९.२५४ ने सुरू होणारा, स्वतःच घेतलेला पत्ता दाखवतो. कॉम्प्युटर आधी उठतो, रेडिओला मिनिट-दीड मिनिट जास्त लागतं, तोवर डीएचसीपी सापडत नाही. काट्याला कायमचा आयपी दिला आणि दोन्ही रेडिओ छोट्या यूपीएसवर टाकले, तेव्हापासून तक्रार नाही.

पाऊस आला की लिंक तुटते, असं सर्रास बोललं जातं. ५ गिगाहर्ट्झवर एवढ्या अंतराला पावसाने सिग्नल जेमतेम हलतो. पाणी शिरतं ते कनेक्टरात. जुलैत पोर्ट १०० वरून १० एमबीपीएसवर आला. कनेक्टर उघडल्यावर पिना हिरव्या पडलेल्या दिसल्या. केबल रेडिओच्या खाली झोळीसारखी लोंबती ठेवून मग वर न्यावी, म्हणजे थेंब खालच्या वळणावरूनच गळून जातो. बसवणाऱ्याने तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल टाकली होती. २४ व्होल्टच्या पीओईला ती लांब पल्ल्यावर पुरत नाही, ट्रॅफिक वाढला की रेडिओ आपोआप रीस्टार्ट होतो. निव्वळ तांब्याची, बाहेर वापरायची केबलच घ्या. वळवाच्या विजांसाठी शिल्डेड केबल, खाली सर्ज प्रोटेक्टर आणि खरोखरचं अर्थिंग हवं.

वेग पोर्टवर अडतो, कारण तो १०० चाच आहे. ४० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनलवर दोन्हीकडच्या वायरीतून आयपर्फने (वेग मोजायच्या प्रोग्रामने) ८५ ते ९० एमबीपीएस मिळतात. कॅमेरे आणि बिलिंगला ते भरपूर आहेत, मोठा बॅकअप रोज ओढायचा असेल तर गिगाबिट पोर्टवाली जोडी घ्या. चॅनल १४९ च्या पुढचा ठेवला आहे : तिथे आसपास रडार आहे का हे तपासत रेडिओला थांबावं लागत नाही, आणि २०१८ च्या नियमाने ५.७२५ ते ५.८७५ गिगाहर्ट्झमध्ये पॉवर आणि अँटेना मिळून ३६ डीबीएमपर्यंत (सिग्नलच्या ताकदीचं माप) परवाना लागत नाही. म्हणून १३ डीबीआयला पॉवर २३ डीबीएम, त्याहून जास्त नको.

आता ऊस. फेब्रुवारीत अँटेना ४.५ मीटरवर होत्या आणि सिग्नल उणे ५८ डीबीएम (शून्याच्या जितका जवळ तितका चांगला). मधल्या शेतातली आडसाली (दीड वर्षाच्या उसाची) लागण तेव्हा पुरुषभर होती. सप्टेंबरात सिग्नल उणे ७३ वर गेला आणि काट्याची पावती अडकू लागली. अँटेना हलल्या असं वाटलं, पण या अँटेनाचा झोत ४५ अंश रुंद, पाईप थोडा फिरल्याने एवढा फरक पडत नाही. खूण वेगळीच होती : वारा सुटला की आकडा नाचायचा, वारा पडला की स्थिर. म्हणजे मध्ये पानं आहेत. नुसती नजर पोचून भागत नाही; या अंतराला मधोमध सरळ रेषेच्या भोवती दर बाजूला सव्वातीन मीटरचा पट्टा लागतो आणि त्यातला निदान ६० टक्के, म्हणजे दोन मीटर, मोकळा हवा. तुऱ्यासकट ऊस चार मीटर धरला तर सहा मीटर झाले. दोन्हीकडे पाईप साडेसात मीटरवर नेले, त्यांना तीन बाजूंनी तारेचे ताण दिले. सिग्नल उणे ५९ वर आला आणि वाऱ्यातही तिथेच राहिला. ऊस तुटल्यावर पाईप उतरवायचा मोह होईल, पण उतरवू नका. त्याच बुडख्यांतून खोडवा येतो.