बेपत्ता माणूस शोधायची पोलीस सेवा: पाचपैकी अडीच स्टार

शेजारचे काका दुपारी म्हापशाला जातो सांगून गेले ते आलेच नाहीत, मग मिसिंगची तक्रार. हवालदार एकदम भला माणूस, चप्पल कुठली, दात किती पडलेत, हर्नियाचं ऑपरेशन कुठल्या बाजूला, सगळं विचारून लिहून घेतलं. हे पाच स्टार. पोर्टल मात्र बेकार, अनोळखी मृतदेहांचे फोटो इतके धूसर की काकू बिचाऱ्या नुसती शर्टाची चौकडी बघत बसल्या.

कायद्याचं पण तसंच. अपघाती नाहीतर संशयास्पद मृत्यू झाला की पंचनामा करायचा हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ मध्ये आहे (आधीचं सीआरपीसी म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं १७४), पण नातेवाइकांचा डीएनए अनोळखी मृतदेहांशी जुळवायला देशभराची डीएनए नोंदींची बँकच नाही. २०१९ च्या डीएनए विधेयकात तशी सोय होती, ते सरकारने २०२३ मध्ये मागेच घेतलं! मग इथला माणूस तिकडे कर्नाटकात कारवारला सापडला तर काय, फोनाफोनीच ना?

काका सावंतवाडीला मेव्हण्याकडे सापडले, रुसून गेलेले. तक्रार देताना अलीकडचा फोटो न्या, लग्नातला चालत नाही.