बॅटरीचं विमान की हायब्रिड? नागपुरातून मांडलेला हिशेब

माझी पुतणी इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे विमानांतच काम करायचं हे तिचं पक्कं, एम.टेक.ला बॅटरीवरचं प्रवासी विमान घ्यावं की हायब्रिड, म्हणजे बॅटरीसोबत इंधनाचं इंजिनही असलेलं, यावर घोडं अडलंय. परवा स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावायला तिसऱ्या मजल्यावर घेऊन आली आणि दारातच धापा टाकत म्हणाली, "काका, संपली तरी तेवढीच जड राहते ना हो ही!" तिच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं.

इंधनावर पंखा फिरवणारं टर्बोप्रॉप विमान उडता उडता हलकं होतं, कारण इंधन जळून जातं. बॅटरी मात्र सोनेगावला, म्हणजे नागपूरच्या विमानतळावर, जेवढी चढवली तेवढीच घेऊन उतरायचं. त्यात ऊर्जेचा हिशेब आणखी कठीण. एक किलो विमान इंधनात सुमारे १२ युनिट (विजेच्या बिलावरचेच) ऊर्जा असते. इंजिन त्यातली जेमतेम एक तृतीयांश पंख्यापर्यंत पोचवतं, म्हणजे ४ युनिट धरा. आजच्या चांगल्या बॅटरी पॅकमध्ये किलोमागे ०.२ युनिटच्या आसपास मावते. मोटर त्यातली नव्वद टक्के कामी लावते, हे तिचं मोठं बळ. तरीही फरक वीस पटींच्या वर जातो.

विमानाच्या वजनाचा एक तृतीयांश भाग बॅटरीला दिला, तर कागदावर साडेतीनशे किलोमीटरचा पल्ला निघतो. पण उतरायला जागा मिळाली नाही तर अर्धा तास घिरट्या घालण्याची, दुसऱ्या विमानतळावर जाण्याची शिल्लक ठेवावीच लागते. ती वजा केली की हाती दीड-दोनशे किलोमीटर उरतात.

आता नकाशा बघा. नागपूरहून हवाई अंतराने पुणे सहाशे किलोमीटर, हैदराबाद सव्वाचारशेच्या वर, रायपूर पावणेतीनशे. तिन्ही बाद. गोंदिया एकशेचाळीसच्या आत, पण तिथे वंदे भारत दोन तासांच्या आत नेऊन सोडते; विमानतळावर तासभर आधी जाऊन बसणार कोण? मला मनापासून हवा आहे तो गडचिरोलीचा मार्ग, रुग्णांसाठी. अंतर बसतं, पण तिथे विमानतळच नाही.

प्रत्यक्षात काय उडालंय? पिपिस्ट्रेल कंपनीच्या दोन आसनी 'वेलिस इलेक्ट्रो'ला २०२० मध्ये युरोपचं प्रमाणपत्र मिळालं. ते पाऊण-एक तास उडतं. धावपट्टीभोवती फेऱ्या मारत शिकणाऱ्या वैमानिकाला तेवढं पुरतं, आणि आवाजही कमी. एव्हिएशन नावाच्या कंपनीचं नऊ प्रवाशांचं 'ॲलिस' २७ सप्टेंबर २०२२ ला अमेरिकेत पहिल्यांदा उडालं, आठ मिनिटं. त्याच्या वजनाचा निम्म्याजवळ भाग बॅटरीचाच होता.

हायब्रिडची गोष्ट वेगळी. स्वीडनमध्ये सुरू झालेल्या हार्ट एअरोस्पेसने तीस आसनी 'ईएस-३०'साठी निव्वळ बॅटरीवर २०० आणि हायब्रिडवर ४०० किलोमीटरचं लक्ष्य ठेवलं. शिलकीचा भार इंधनावर टाकला की बॅटरी रोजच्या प्रवासाला मोकळी होते. या हिशेबात रायपूर आरामात बसतं, हैदराबाद थोडक्यात हुकतं. एका विमानात दोन यंत्रणा सांभाळाव्या लागतील, देखभाल वाढेल, हे खरं.

मेमधलं आपलं ऊन दोन्हींना जाचतं. ४५ अंशांत हवा विरळ होते, विमानाला धावपट्टी जास्त लागते. हायब्रिडला निदान सगळी बॅटरी प्रत्येक फेरीनंतर घाईने भरावी लागत नाही. निव्वळ बॅटरीवाल्याला ८०० युनिट अर्ध्या तासात भरायचे, तर १.६ मेगावॉटची जोडणी हवी, आणि त्या वेळी तापणारे सेल थंड ठेवायची सोयही.

म्हणून प्रवासी विमानात काम करायचं असेल तर हायब्रिड घे, असं मी तिला स्पष्ट सांगितलं. प्रशिक्षणाची छोटी विमानं आवडत असतील तरच निव्वळ बॅटरीकडे वळ. आणि प्रबंधाला विषय म्हणून सेल थंड ठेवण्याचं काम धर. चाचणीसाठी लागणारं ऊन मे महिन्यात आपल्या गच्चीवरच मिळेल.