सहा महिने 'एसडी बॅटल ओझुमो' खेळल्यावर

हा निन्टेन्डोच्या फॅमिकॉम या जुन्या घरगुती गेम-यंत्रावरचा सुमोचा खेळ. शनिवारी ऐन झटापटीत पडद्यावर रंगीत चौकटींचा चिखल झाला आणि खेळ थिजला. दुकानदार म्हणाला, 'जंक'च्या, म्हणजे न तपासलेल्या जुन्या वस्तूंच्या टोपलीतला माल परत घेत नाही. 600 येन घ्यायचे, कॅसेट एकदा लावूनही बघायची नाही, वर हात झटकायचे! मनापासून राग आला. घरी कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून सोनेरी पट्ट्या पुसल्या. तिसऱ्या काडीलाही काळं लागत होतं. आता नीट चालते. फुंकर मात्र मारू नका, ओलाव्याने पट्ट्या गंजतात.

खरी तक्रार वेगळी होती. बटण दाबलं की गडी क्षणभर उशिरा हलायचा. सुमोत पहिली धडकच, ताचिआई, अर्धा निकाल लावते. तिथे उशीर झाला की गेलात रिंगणाबाहेर. चार महिने मी खेळ बनवणाऱ्या बानप्रेस्तो कंपनीला दोष देत होतो. दोष आमच्या टीव्हीचा निघाला! माझ्या 1993च्या मॉडेलच्या फॅमिकॉमचं जुनं चित्र आजच्या पडद्याजोगं करण्यात टीव्ही वेळ खातो. सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावला आणि गडी हाताशी आला. हा उशीर न करणारा जुना डबा टीव्ही फुकट मिळत होता, पण इथे जपानात तो टाकायला पुढे पैसे भरावे लागतात, म्हणून नको म्हटलं. तर आधी चौघांना 'घेऊ नका' म्हणून सांगितलं होतं, ते शब्द मागे घेतो.

कारण कल्पनाच लाजवाब आहे. जपानी टीव्हीवरचे नायक घ्या: अल्ट्रामॅन 40 मीटरचा, गुंडाम हा यंत्रमानव 18 मीटरचा, कामेन रायडर तुमच्याआमच्याएवढा. मोठी डोकी, बुटकी अंगं करून ('एसडी' म्हणजे हेच) तिघांना एकाच मापाचं केलं आणि राक्षसांसोबत दोह्योवर, म्हणजे सुमोच्या रिंगणात उतरवलं. यासाठी सुमोच हवा होता, कारण व्यावसायिक सुमोत वजनाचे गट नसतातच. खेळ 1990चा. त्याच वर्षी मार्चमध्ये चियोनोफुजी या तुलनेने हलक्या सुमो मल्लाने हजारावी कुस्ती मारली, आणि तो लढायचा दोनशे किलोंच्या वरच्या कोनिशिकीशी! हे माहीत असलं की बुटका रायडर रेटा लावतो तेव्हा अंगावर काटा येतो.

लेक सात वर्षांची. आम्ही आलटूनपालटून खेळतो. तिला हल्लीचे अल्ट्रामॅन पाठ आहेत, मूळच्या म्हाताऱ्या अल्ट्रामॅनची ओळख इथे झाली. पडद्यावरची काना ही जपानी अक्षरंही ती माझ्याआधी वाचते.

कॅसेटची रिकामी डबी 300 येनला मिळते, म्हणजे कॅसेटच्या निम्मी किंमत. मी घेतली नाही. डाळीच्या झिपवाल्या पिशवीत, बुटांच्या खोक्यातली ओलावा शोषणारी पुडी टाकून ठेवली आहे.