हात वर करणारे आणि हप्ता भरणारे: ए-वन ट्रस्टच्या वर्गणी योजनेचं परीक्षण

नामशेष झालेलं वाफेचं इंजिन पुन्हा घडवू या, असं म्हटलं की माना डोलावणारे शेकड्याने मिळतात. दर महिन्याला बँकेतून पैसे वळते करू देणारे किती, यावर इंजिनाचं भवितव्य ठरतं. इंग्लंडमधल्या डार्लिंग्टनच्या ए-वन स्टीम लोकोमोटिव्ह ट्रस्टने पाठिंब्याची ही चाचपणी बरीच शिस्तीत केली आहे. त्याच वर्गणी योजनेचं हे परीक्षण. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या रेल्वेवेड्या मराठी मंडळींना तिचा थेट उपयोग आहे. इतरांना असा प्रकल्प कसा पारखावा हे कळेल.

आधी ट्रस्टची कमाई काय ते पाहू. इंजिन-रचनाकार आर्थर पेपरकॉर्न यांच्या ए-वन वर्गाची ४९ इंजिनं १९४८-४९ मध्ये डॉन्कास्टर आणि डार्लिंग्टनला बनली. डिझेल आलं आणि १९६६ पर्यंत सगळी मोडीत निघाली. शेवटचं 'सेंट मुंगो' वाचवायची धडपड झाली, ती फसली. १९९० मध्ये यॉर्कला पन्नासावं इंजिन नव्याने बांधायचा प्रस्ताव जाहीर झाला. आठवड्याला सव्वा पौंड द्या, म्हणजे उत्तर इंग्लंडमधल्या बिअरच्या एका ग्लासाची तेव्हाची किंमत, एवढीच मागणी होती. १९९४ मध्ये फ्रेमच्या, म्हणजे इंजिनाच्या सांगाड्याच्या, पाट्या कापल्या गेल्या, २००८ मध्ये 'टॉर्नेडो' (क्रमांक ६०१६३) स्वतःच्या वाफेवर चाललं आणि ३१ जानेवारी २००९ ला यॉर्क ते न्यूकॅसल प्रवासी घेऊन धावलं. खर्च सुमारे ३० लाख पौंड. घोषणेपासून पहिल्या प्रवाशापर्यंत अठरा वर्षं लागली, हे सही करण्याआधी ध्यानात ठेवलेलं बरं.

सध्या याच ट्रस्टच्या कार्यशाळेत दुसरं इंजिन उभं राहतंय: रचनाकार नायजेल ग्रेस्ली यांच्या पी-टू वर्गातलं 'प्रिन्स ऑफ वेल्स', क्रमांक २००७. मूळची सहा इंजिनं १९३४ ते ३६ मधली. १९४३-४४ मध्ये ती सगळी बदलून वेगळ्या चाकरचनेची केली गेली, त्यामुळे मूळ रूपातलं एकही उरलं नाही. परीक्षणाचा खरा विषय हा प्रकल्प, कारण पाठिंबा मोजण्याची पद्धत इथे पक्की झालेली दिसते.

२०१३ मध्ये सुरुवातीला 'फाउंडर्स क्लब' काढला. शंभर जणांनी प्रत्येकी १,००० पौंड द्यायचे, लाखभर पौंड जमले तरच पुढे सरकायचं. क्लब बंद झाला तोवर ३६० हून अधिक जण आले आणि करपरताव्यासकट साडेचार लाख पौंडांच्या वर रक्कम जमली. सुरुवातीच्या सुमारे ५० लाखांच्या अंदाजाशी ताडून पाहिलं तर हे जेमतेम नऊ टक्के होतात. पण लक्ष्याच्या साडेतीनपट माणसं रोख पैसे घेऊन येतात, तेव्हा मागणीबद्दल शंका उरत नाही. नुसतं 'तुम्हाला हे इंजिन पाहायला आवडेल का?' असं विचारून घेतलेल्या कौलाला याच्यासमोर कवडीची किंमत नाही. आवडेल तर सगळ्यांनाच.

त्यानंतर २०१४ मध्ये मासिक वर्गणी आली, महिना १० पौंडांपासून. आता गणित करू. वर्षाचे १२० पौंड, त्यावर 'गिफ्ट एड'चे, म्हणजे देणगीवर सरकारकडून मिळणाऱ्या करपरताव्याचे, ३०, म्हणजे माणशी १५०. हजार वर्गणीदार धरले तर वर्षाला दीड लाख. एवढ्यावर ५० लाखांचं इंजिन पुरं व्हायला तेहतीस वर्षं लागतील, आणि तेव्हा महागाई गप्प बसलेली नसेल. मासिक वर्गणीने कार्यशाळेचं भाडं, पगार, वीज आणि रोजचं काम निघतं. मोठे घास तिच्याने गिळवत नाहीत. म्हणून मोठ्या भागांसाठी निराळे क्लब: चाकांसाठी 'मिकाडो क्लब', बॉयलरसाठी 'बॉयलर क्लब'. बॉयलर क्लबमध्ये ३०० जणांकडून प्रत्येकी २,००० पौंड, आणि तेही ५०-५० च्या चाळीस हप्त्यांत. ही रचना पटते. ज्याला महिना दहा परवडतात त्याला दहा, ज्याच्या गाठीला थोडं जास्त आहे त्याला ठरावीक भागाचं ठरावीक उद्दिष्ट.

योजनेतला सर्वांत आवडण्याजोगा प्रकार म्हणजे एखाद्या सुट्या भागासाठी देणगी. बोल्टपासून मोठ्या ओतीव भागांपर्यंत जे परवडेल ते निवडायचं. बोल्ट म्हणून नाक मुरडू नका. फ्रेमला लागणारे बोल्ट बाजारातून आणून पाना फिरवून बसवायचे नसतात. जोडायचे दोन्ही भाग एकत्र आवळून भोक रीमरने (भोक नेमकं करणाऱ्या हत्याराने) साफ करायचं, त्याचं नेमकं माप घ्यायचं, त्या मापाला बोल्ट लेथवर उतरवायचा आणि हातोड्याने ठोकून बसवायचा. सैल राहिला तर धक्क्यागणिक भोक लांबटतं आणि फ्रेम 'चालायला', म्हणजे जोडात हलायला, लागते. एका बोल्टमागे फिटरचा किती वेळ जातो हे कळलं की किमतीचं नवल वाटत नाही.

कुठे काय बिघडतं, हेही पाहायला हवं.

बॉयलर हा अशा प्रत्येक प्रकल्पाचा घसा आवळणारा भाग. तो तुकड्यातुकड्याने विकत घेता येत नाही. ऑर्डर दिली की रक्कम मोठी आणि वेळेवर लागते. टॉर्नेडोच्या वेळी एवढा बॉयलर नव्याने बनवणारं ब्रिटनमध्ये कुणी मिळेना, म्हणून तो जर्मनीतल्या माइनिंगेनच्या कारखान्यात बनला आणि २००६ मध्ये आला. वर्गणी पुरेना म्हणून त्यासाठी रोखे काढावे लागले. रोखे म्हणजे कर्ज. इंजिन धावायला लागल्यावर कमाईतून फेडायचं. शिवाय नवा बॉयलर पूर्ण वेल्डिंगचा, आणि त्याचा फायरबॉक्स, म्हणजे कोळसा जळतो ती पेटी, तांब्याऐवजी पोलादी. तांबं मऊ, तापल्यावर थोडं सामावून घेतं. पोलाद तेवढं घेत नाही. २०११ च्या सुरुवातीला बॉयलर दुरुस्तीसाठी पुन्हा माइनिंगेनला पाठवावा लागला आणि इंजिन काही महिने उभं राहिलं. पी-टूसाठी ट्रस्टने शहाणपण केलं: दोन्ही इंजिनांना चालेल असा एकाच जातीचा बॉयलर ठरवला. एक दुरुस्तीला गेला तर दुसरा बसवता येतो. देणगीदाराच्या दृष्टीने हा निर्णय कुठल्याही आकर्षक भेटवस्तूपेक्षा मोलाचा.

दुसरी अडचण यंत्रणेतली. १४ एप्रिल २०१८ ला टॉर्नेडोच्या मधल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्ह-गिअरमध्ये (सिलिंडरात वाफ सोडण्याच्या यंत्रणेत) बिघाड झाला आणि इंग्लंडमधल्या सँडी गावाजवळ गाडी थांबली. तीन सिलिंडरच्या इंजिनात मधली यंत्रणा फ्रेमच्या आत, हात घालायला अवघड जागी असते. मूळच्या पी-टूंनाही क्रँक-आस (सिलिंडरचा जोर चाकांना देणारा आस) तुटण्याचा आणि बेअरिंग तापण्याचा इतिहास होता. म्हणून नव्या इंजिनात पुढच्या चाकजोडीची रचना संगणकावर तपासून सुधारली, आणि अवघड एकसंध ओतकामाऐवजी सिलिंडर वेल्डिंगने जोडून बनवायचं ठरलं. 'जुन्यासारखं हुबेहूब' हा हट्ट धरणारे याला नाकं मुरडतात. त्यांचं ऐकलं असतं तर जुने दोषही हुबेहूब मिळाले असते.

तिसरा खर्च प्रस्तावात बहुधा लपलेला असतो: आजच्या रुळावर धावण्याची परवानगी. टॉर्नेडोची उंची वरच्या विजेच्या तारांखातर इंचभर कमी करावी लागली. चालत्या गाडीतून पाणी भरायची सोय आता रुळांवर उरलेली नाही, म्हणून टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) पाण्याची जागा ५,००० वरून सुमारे ६,००० गॅलनवर नेली आणि कोळसा ९ टनांवरून साडेसातवर आणला. सिग्नलची सुरक्षायंत्रणा, रेडिओ, नोंदयंत्र हे सगळं वाफेच्या, धुळीच्या केबिनमध्ये बसवावं लागतं. आता पूर्व किनारा मार्गावर युरोपीय डिजिटल सिग्नल येत आहेत, त्यामुळे तीही सामग्री आली. इंजिन पुरं झालं की खर्च संपला, असं समजणाऱ्याने वर्गणीदार होऊ नये. दर दहा वर्षांनी बॉयलर उतरवून मोठी दुरुस्ती ठरलेलीच.

तुलनेला दोन नावं. ससेक्समधल्या ब्लूबेल रेल्वेने 'बीची हेड' हे ब्रायटन अटलांटिक जातीचं इंजिन नव्याने उभारलं. मापात बसणारा जुना बॉयलर एका लाकडाच्या वखारीत सापडलेला होता, म्हणजे सर्वांत महागडा भाग हाताशी. तरीही २००० ला हाती घेतलेलं काम २०२४ मध्ये धावलं. मोहीम गाजावाजा न करता, स्वतःच्या वारसा-मार्गापुरती. पैसा कमी, धीर भरपूर. दुसरं 'द अननोन वॉरियर', लंडन मिडलँड अँड स्कॉटिश रेल्वेच्या पेट्रियट वर्गातलं. युद्धस्मारक इंजिन म्हणून भावनिक आवाहन जोरदार, पण जुळणी जिथे चालू होती त्या लँगॉलेन रेल्वेची कंपनी २०२१ मध्ये कर्जापायी रिसीव्हरच्या, म्हणजे वसुलीसाठी नेमलेल्या प्रशासकाच्या, ताब्यात गेली आणि इंजिन दुसरीकडे हलवावं लागलं. धडा सरळ आहे: प्रकल्पाच्या हाती स्वतःची कार्यशाळा आहे की दुसऱ्याच्या छपराखाली बिऱ्हाड आहे, ते आधी विचारा. डार्लिंग्टनचा ट्रस्ट इथे उजवा ठरतो.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया रेल्वेच्या टी-वन वर्गाची ५२ इंजिनं बनली आणि सगळी भंगारात गेली. त्रेपन्नावं, ५५५०, बांधायचं काम तिथे देणग्यांवर चालू आहे. यंत्र अफाट, अंतरं अफाट, आणि ते चालवायला रूळ कोण देणार हा प्रश्न त्याहून अफाट. वर्गणी द्यायची असेल तर सध्या इंग्लंडमधली सुरक्षित.

वाचकांच्या मनात १८५३ ची साहिब, सिंध आणि सुलतान आलीच असतील. १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्याला १४ डबे आणि ४०० पाहुणे नेणारी ही लँकेशायरच्या व्हल्कन फाउंड्रीची इंजिनं. एकही शिल्लक नाही. भावना कितीही दाटून आली तरी वरचीच कसोटी लावा. मूळ आराखडे कुठे आहेत? मध्य रेल्वेच्या लोकल गाड्यांच्या गर्दीत या इंजिनाला वेळ कोण देणार? मुख्य मार्गाचा हट्ट सोडून एखाद्या संग्रहालयाच्या आवारात किलोमीटरभर ब्रॉडगेजवर चालणारी प्रतिकृती, एवढंच मागितलं तर खर्च आटोक्यात येईल. आणि पहिली पायरी शंभर जणांकडून रोख घेण्याची. सह्यांची मोहीम नको.

परत मूळ योजनेकडे. वर्गणीदाराला मिळतं काय? सन्मानफलकावर नाव, ट्रस्टचं मासिक, वार्षिक मेळावा, काम चालू असताना इंजिन जवळून पाहायची मुभा. इंजिनात मालकीचा वाटा मिळत नाही आणि पैसे परत मिळत नाहीत; ही देणगी आहे, गुंतवणूक नव्हे. कामाची माहिती नियमित आणि तांत्रिक तपशिलासकट येते, हे मोठं बळ. उणीव मुदतीची. पी-टूसाठी आरंभी सात ते दहा वर्षांची भाषा होती, ती उलटून गेली. अशा कामात हे होतंच, पण नव्या वर्गणीदाराला तारखा सांगताना हात जरा आखडता घ्यायला हवा. एकूण पाचपैकी चार गुण. कापलेला एक गुण तारखांचा.

नाव नोंदवायचं तर एवढं करा. ब्रिटनमध्ये बँक खातं असेल तर डायरेक्ट डेबिट (खात्यातून आपोआप हप्ता वळता होण्याची सोय) निवडा, कार्डाची मुदत संपून हप्ता चुकण्याची भानगड राहत नाही. तुम्ही तिथे आयकर किंवा भांडवली नफ्यावरचा कर भरत असाल तरच गिफ्ट एडच्या रकान्यात खूण करा. ट्रस्ट तुमच्या प्रत्येक पौंडामागे २५ पेन्स सरकारकडून घेतो, आणि तेवढा कर तुम्ही त्या वर्षात भरलेला नसेल तर फरक तुमच्याकडून वसूल होऊ शकतो. आयकराच्या ४० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १०० पौंडांमागे २५ पौंड तुम्हाला स्वतःच्या विवरणपत्रातून परत मागता येतात. बरेच जण हे विसरतात. भारतातून देणाऱ्यांना ८०-जीची सवलत मिळत नाही आणि डायरेक्ट डेबिटही चालत नाही, त्यामुळे एखाद्या भागासाठी एकरकमी देणगी सोयीची. सही करण्याआधी चॅरिटी कमिशनच्या (धर्मादाय संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी यंत्रणेच्या) संकेतस्थळावर ट्रस्टचे ताळेबंद फुकट पाहता येतात. त्यात हाती रोख किती आणि देणी किती, हे दोन आकडे बघा. हप्ता थांबवायचा झाला तर बँकेला सांगितलं की थांबतो, पण ट्रस्टलाही कळवा. घर किंवा कराची स्थिती बदलली तरीही कळवा, नाहीतर गिफ्ट एडचा दावा चुकीच्या माहितीवर जात राहतो.