घरगुती प्रेशर वॉशरवर पितळी फोम कॅनन: घ्यावी, पण आतलं छिद्र बघून

प्रेशर वॉशरच्या खोक्यात जी प्लास्टिकची साबणाची बाटली येते, ती फेस करत नाही, नुसतं साबणाचं पाणी शिंपडते. तिच्यात फेस घुसळणारी जाळीच नसते. म्हणून लोक हजार-दोन हजारांच्या टप्प्यात मिळणारी, पितळी बॉडीची आणि १ लिटर बाटलीची फोम कॅनन, म्हणजे वॉशरच्या गनला लावून साबणाचा दाट फेस मारायचं नोझल, वेगळी घेतात. वस्तू मोलाची आहे. सिमेंट रस्त्यांच्या कामांमुळे नागपुरात गाडीवर बसणारी धूळ खरखरीत असते, ती कोरडी पुसली की रंगावर ओरखडे पडतात. दाट फेस तिला आधी भिजवून सैल करतो. तरीही ‘फेसच येत नाही’ ही तक्रार सर्रास ऐकू येते आणि पहिला आळ शाम्पूवर जातो. शाम्पू सगळ्यात शेवटी तपासा.

आधी जेट बघा. कॅनन जिथे गनला जोडली जाते, त्या टोकाच्या आत बारीक छिद्राचा पितळी जेट असतो. बाजारातल्या बहुतेक कॅननमध्ये तो १.२५ मिमीचा येतो. हे माप मिनिटाला ८-१० लिटर पाणी फेकणाऱ्या मोठ्या मशीनचं. घरातली १४०० ते १८०० वॅटची मशीन मिनिटाला साडेपाच ते सात लिटरच देते. हिशेब केला तर ६ लिटर पाणी १.२५ मिमीच्या छिद्रातून जाताना दाब कसाबसा ४० बारच्या (बार म्हणजे दाबाचं एकक) आसपास उभा राहतो. तेच पाणी १.१ मिमीतून गेलं तर ७० बारच्या जवळ जातो. खोक्यावर छापलेले १२० बार इथे कामाचे नाहीत, तो कमाल आकडा आहे. जेटमधून सुटलेली धार जितकी वेगवान, तितका बाटलीतला साबण आणि बाहेरची हवा जोरात ओढली जाते. धार मंदावली की हवा कमी मिसळते आणि काचेवरून लगेच ओघळणारा पांचट फेस येतो. त्यामुळे घेताना दुकानदाराला जेटचं माप विचारा, १.१ मिमीचा जेट सोबत मिळत असेल तर तोच सेट घ्या. ड्रिल मारून किंवा सुई कोरून छिद्राशी खेळू नका. पितळ मऊ असतं, एकदा छिद्र वाढलं की जेट गेला.

फार लहान जेटही त्रास देतो. ७ लिटरच्या मशीनला १ मिमीचा जेट लावला की दाब मर्यादेपर्यंत चढतो, ऑटो-स्टॉपचा स्विच मोटर बंद करतो, दाब उतरला की परत चालू करतो. गनचा ट्रिगर दाबलेला असताना मोटर अशी बंद-चालू, बंद-चालू होत असेल तर जेट लहान आहे किंवा पुढची जाळी तुंबली आहे. ट्रिगर सोडलेला असताना मोटर मधूनच गुरगुरत असेल तर ते दुखणं वेगळं: कुठल्या तरी ओ-रिंगमधून (जोडातल्या रबरी कडीतून) पाणी झिरपतंय किंवा पंपातला व्हॉल्व्ह नीट बसत नाही.

आता पाणी. मशीनला जितकं लागतं त्याहून थोडं जास्तच नळातून यायला हवं. १० लिटरची बादली पाइपच्या टोकाशी धरा; एका मिनिटात भरली तर उत्तम, सव्वा मिनिटाच्या वर गेली तर कॅननला दोष देऊ नका. गच्चीवरच्या टाकीचा दाब दर मीटर उंचीला ०.१ बार इतकाच, म्हणजे दुमजली घराच्या अंगणात पाऊण बारही जेमतेम. त्यात अर्ध्या इंचापेक्षा बारीक पाइप किंवा वीस मीटरचं भेंडोळं असेल तर पंप उपाशी राहतो आणि फेस धक्के खात येतो. पाइप अर्धा इंची, शक्यतो दहा मीटरच्या आत, कुठेही मोड नसलेला हवा. मशीनच्या पाणी घेणाऱ्या तोंडातली बारीक चाळणी पकडीने अलगद ओढून धुवा, टाकीच्या तळाची रेती आणि शेवाळ तिथेच अडकतं. मोटर चालू करण्याआधी ट्रिगर दाबून पाणी अर्धा-एक मिनिट नुसतं वाहू द्या, बुडबुडे थांबले की स्विच. मनपाच्या नळाच्या लाइनवर मशीन थेट लावू नये. टुल्लू पंपासारखंच तेही लाइनमधून पाणी ओढतं, शेजाऱ्यांचा नळ त्याने कोरडा पडतो.

दोष नेमका कुठे, हे शोधायची एक सोपी रीत आहे. कॅनन काढून मशीनची नेहमीची लान्स (धार मारायची लांब नळी) लावा. तिथेही धार अडखळली तर बिघाड पाण्यात किंवा पंपात. धार सलग असेल तर कॅनन लावा, बाटली काढून ठेवा आणि साबण ओढणारी नळी मगभर साध्या पाण्यात बुडवा. वरची चकती ‘+’ कडे पूर्ण फिरवून ट्रिगर दाबा. मगातलं पाणी झपाट्याने उतरलं तर ओढ ठीक आहे. उतरलंच नाही, तर नळी वरच्या टोकाशी चिरलेली किंवा निसटलेली असते. आणि मगात पाणी उलट येऊ लागलं, किंवा एरवी बाटली वापरताना रिकामी होण्याऐवजी भरत गेली, तर शंकाच नको: पुढची जाळी तुंबली.

ही जाळी म्हणजे स्टीलच्या तारेची दाबून केलेली टिकली, पुढच्या नोझलच्या मागे बसते. फेस तिथेच होतो, आणि कॅनन मरते तीही तिथेच. वॅक्सवाला शाम्पू आत वाळतो, बोअरचं पाणी असेल तर क्षार चढतात. बहुतेक कॅननमध्ये बारीक पंचने पिन ठोकली की नोझल निघतं. जाळी गरम पाण्यात रात्रभर ठेवा. क्षार असतील तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास, मग भरपूर पाणी. पितळी बॉडी व्हिनेगरमध्ये बुडवू नका. जाळी जाळून साफ करायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, तार बसते आणि फेस कायमचा पातळ होतो. सुटी जाळी स्वस्तात मिळते, एक जवळ असू द्या. खरा उपाय मात्र रोजचाच: काम संपलं की बाटलीत साधं पाणी भरून मिनिटभर चालवायचं.

फेस आधी छान येऊन दहा-पंधरा सेकंदांत मरत असेल आणि बाटलीच्या भिंती आत ओढल्या जात असतील, तर बाटलीत हवा जायची वाट बंद आहे. झाकण पाव फेरा सैल करून बघा. फेस परत आला तर झाकणातला वायसर किंवा हवेचं भोक साफ करा. नळी तळाला चिकटून बसत असेल तर तिचं टोक तिरकं कापा.

एवढं सगळं नीट असेल तर आता शाम्पू. १०० मिली शाम्पू, ९०० मिली पाणी. बाटलीत पाणी आधी ओता. बोअरच्या जड पाण्यात फेस कमीच बसतो, तिथे १५० मिलीपर्यंत जा किंवा बाटलीपुरतं आरओचं पाणी वापरा. कपड्यांची पावडर अजिबात नको, न विरघळलेले दाणे जाळीत बसतात. भांड्यांच्या लिक्विडने फेस येतो, पण गाडीवरचं वॅक्सही निघून जातं.

नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना फेस चार-पाच मिनिटं ठेवायचा नियम विसरा. बॉनेटला हात लावून बघा. चटका बसत असेल तर आधी साध्या पाण्याने गार करा, सावलीत लावा आणि दीड-दोन मिनिटांत धुऊन टाका, नाहीतर वाळलेल्या साबणाचे डाग पडतात. मोटरलाही याच दिवसांत जास्त ताण. १८०० वॅटचं मशीन ८ अँपिअर घेतं, बारीक वायरचं एक्स्टेंशन लावलं की व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि आतलं थर्मल स्विच तिला बंद करतं. २.५ चौरस मिमीची वायर, १६ अँपिअरचा सॉकेट, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच): ओल्या अंगणात यात काटकसर नको.

जोडणीचं एक बघून घ्या. कॅननचा आटा बहुधा पाव इंची असतो आणि प्रत्येक कंपनीच्या गनचा अडॅप्टर वेगळा, त्यामुळे दुकानात जाताना गन सोबत न्या. एम२२ जोडणी (२२ मिमी आट्याची) आतून १४ आणि १५ मिमी अशा दोन मापांत येते. बाहेरून दोन्ही सारख्या दिसतात, आटेही बसतात, पण माप चुकलं की टेफ्लॉन टेप कितीही गुंडाळा, पाणी गळतच राहतं. ओ-रिंग नेताना जुनी नमुन्याला न्या आणि बसवताना सिलिकॉन ग्रीसच लावा.