पॅनिक अटॅक येतात म्हणून स्मार्टवॉच घेतलं, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

ब्रँडचं नाव टाकत नाहीये, कारण मला जे सांगायचंय ते या रेंजमधल्या जवळपास सगळ्याच घड्याळांना लागू आहे. सेलमध्ये १९ हजारांना पडलं. बॅटरी दीड दिवस, स्क्रीन उन्हात पण दिसते, पट्टा घामाने चुरचुरतो म्हणून बदलून घेतला. हे झालं घड्याळाचं. पण मी ते वेळ बघायला घेतलंच नव्हतं.

मागच्या जूनमध्ये डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली होती, दिवा गेल्यावर एकदम छातीत धडधड, हाताची बोटं बधिर, श्वास पुरत नाहीये असं वाटायला लागलं आणि मला वाटलं संपलं आपलं. ठाण्याला दोन बायकांनी धरून उतरवलं. कॅज्युअल्टीत ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. पुढच्या दीड महिन्यात असं अजून तीनदा झालं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) सगळं झालं, सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी तर "टेन्शन घेऊ नका" एवढंच सांगून पाठवलं. दादा म्हणाला घड्याळ घे, ठोके दिसत राहिले की तुला धीर येईल. त्याच्या मनात काळजीच होती.

पहिला आठवडा खरंच धीर आला. मग काय व्हायला लागलं ते नीट सांगते, कारण दुकानात हे कोणी सांगत नाही. दर दोन मिनिटांनी मनगट बघायचं. ८४. परत बघितलं, ९१. अरे वाढतंय, म्हणून परत बघितलं तर ९९, आणि आता तर भीतीनेच वाढतंय पण त्या क्षणी ते कळत नाही. वर अलर्ट होता, तुम्ही हालचाल न करता दहा मिनिटं १२० च्या वर राहिलात की घड्याळ थरथरतं. लोकलमध्ये गर्दीत उभी होते, आधीच घाबरलेली, कसंबसं सावरत होते तेवढ्यात मनगटावर थरथर आणि लाल अक्षरं. त्या दिवशीचा अटॅक सगळ्यात वाईट होता.

घड्याळातल्या ईसीजीचं तर अजून वेगळं. ३० सेकंद बोट धरून स्थिर बसायचं असतं. अटॅकमध्ये हात थरथरतो, मग रिझल्ट येतो "निष्कर्ष काढता आला नाही". रात्री अडीचला हे वाचून माणसाचं काय होतं ते ज्याला पॅनिक माहीत आहे त्यालाच कळेल. एका रात्रीत मी १४ वेळा ईसीजी काढला. आणि मुळात या ईसीजीला हार्ट अटॅक ओळखता येत नाही, ठोके अनियमित आहेत का तेवढंच सांगतो, हे ॲपमध्येच लिहिलेलं असतं, आपण वाचत नाही. त्यामुळे छातीत खरंच दुखत असेल, दुखणं हातात किंवा जबड्यात जात असेल तर घड्याळ बघत बसू नका, हॉस्पिटल गाठा.

त्याच रात्री १४४१६ ला फोन केला, टेलीमानस, सरकारी हेल्पलाइन आहे, २०२२ पासून चालू आहे, फुकट, २४ तास, मराठीत बोलतात. पलीकडच्या ताईंनी घाई न करता सगळं ऐकून घेतलं आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे जाच म्हणाल्या. मी गेले. आता गोळी चालू आहे, फरक जाणवायला मला चार आठवडे लागले, आणि सोबत सीबीटी थेरपी, म्हणजे घाबरवणारे विचार आणि सवयी बदलायला शिकवणारी थेरपी.

थेरपिस्ट मॅडमनी पहिल्यांदा घड्याळच बघितलं. म्हणाल्या, धडधडलं की तू मनगट बघतेस, म्हणजे मेंदूला दरवेळी सांगतेस की धोका आहे, तपासून बघ. मग मेंदूच्या इशाऱ्यावर शरीर अजून ॲड्रेनलिन सोडतं, म्हणजे धडधड वाढवणारं हार्मोन. ठोके मोजायची सवय आधी सोडवायची. त्यांनी मला जिन्यावर एक मिनिट पळायला लावलं, खुर्चीत गोल फिरवलं, स्ट्रॉमधून श्वास घ्यायला लावला, म्हणजे ती धडधड, ती चक्कर मुद्दाम आणायची आणि काही होत नाही हे अंगाला कळू द्यायचं. (हे घरी एकट्याने नका करू, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर अजिबातच नको.)

पण घड्याळ एका गोष्टीसाठी खूप कामी आलं आणि ते मला मनापासून सांगायचंय. मॅडमबरोबर बसून घड्याळ घेतल्यानंतरच्या सगळ्या अटॅकचे ग्राफ काढले. प्रत्येक वेळी तेच, ठोके १२५-१३० पर्यंत चढलेत, दहा मिनिटांत टोक गाठलंय आणि मग उतरलेत. एकही असा नाही की जो उतरला नाही. ऑक्सिजन तर "श्वास पुरत नाहीये" वाटत होतं तेव्हा पण ९८. श्वास कमी पडत नव्हता, मी जास्त घेत होते, त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि बोटं मुंग्या आल्यासारखी होतात. अटॅकच्या आत हे आकडे विष होते, चार दिवसांनी शांत बसून बघितले तेव्हा औषध.

म्हणून घेतलंच असेल तर हार्ट रेटचा अलर्ट बंद करा, समोरच्या स्क्रीनवरून ठोक्यांचा आकडा काढून टाका, स्ट्रेस स्कोअर पण बंद, त्याने मला फक्त जिना चढल्यावर घाबरवलं. ग्राफ आठवड्यातून एकदा, तेही कोणासोबत तरी बघा.

घड्याळ म्हणून ४ स्टार, पॅनिकवर उपाय म्हणून घेत असाल तर २. तेवढ्या पैशात मला थेरपीची बरीच सेशन्स आधीच करता आली असती, हे राहून राहून वाटतं.

ऑफिसला जाताना आता आईचं जुनं चावीचं घड्याळ घालते. अलर्ट कुठून बंद करायचा ते सापडत नसेल तर खाली विचारा, मी सांगते.